नमदा कापावा कसा?
पियानोच्या दुरुस्तीतले विज्ञान

पियानो तुम्ही प्रत्यक्ष नाही, तरी चित्रपटात नक्कीच पाहिला असेल. वादकाने पट्टी दाबली की आतली एक हातोडी तारेवर आपटते आणि स्वर उमटतो. पियानो म्हटले की ओतीव लोखंडाची भक्कम चौकट, पोलादी तारा आणि चकचकीत लाकूड डोळ्यांपुढे येते. पण हे सारे जसेच्या तसे ठेवून त्यातली एकच मऊ वस्तू काढून टाकली, तर वाद्याचा नुसता खडखडाट होईल. ती वस्तू म्हणजे फेल्ट, म्हणजेच आपला नमदा.

ही वस्तू दिसायला अगदी साधी आहे. कात्री घेतली आणि कापली, त्यात काय अवघड, असे कोणालाही वाटेल. परंतु पियानो दुरुस्त करणाऱ्या कारागिराला विचाराल, तर तो सांगेल की लाकूड किंवा पितळ मापात कापणे सोपे, फेल्ट मापात कापणे कठीण. असे का बरे? याचे उत्तर शोधताना तरफ, पाचर, घर्षण आणि मोजमाप या शाळेत शिकलेल्या गोष्टी आपल्याला जागोजाग भेटणार आहेत.

विणल्यावाचून कापड

आधी फेल्ट म्हणजे काय ते पाहू. घोंगडी तुम्हाला ठाऊक आहे. ती लोकरीच्या सुताची, मागावर विणलेली असते. बुरणूस मात्र विणलेला नसतो. लोकर पसरून, भिजवून आणि दाबून-चोळून त्याचा घट्ट थर केलेला असतो. काश्मीरचे नमदे याच जातीचे. पियानोतले फेल्टही याच कुळातले, फक्त त्याची घनता व जाडी फार काटेकोरपणे ठेवलेली असते.

लोकरीचे तंतू विणल्यावाचून एकमेकांना धरून कसे राहतात? लोकरीचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर कौलांसारखे एकावर एक चढलेले बारीक खवले दिसतात. सगळ्या खवल्यांची तोंडे तंतूच्या टोकाकडे असतात. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो, पण उलट दिशेने सरकताना अडतो. ऊब, ओलावा आणि चोळणे यांमुळे तंतू थोडे थोडे पुढे सरकत राहतात, मागे येऊ शकत नाहीत आणि शेवटी एकमेकांत असे गुरफटतात की ओढूनही सुटत नाहीत. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घासून धुतला की तो आटून जाड होतो, त्याचे कारणही हेच.

काही ठिकाणी मात्र बनातीसारखे कापड लागते. हे आधी विणतात व मग ओले करून असे आटवतात की त्याची वीण दिसेनाशी होते. ते पातळ असते, पण घासले गेले तरी लवकर झिजत नाही.

पियानोत फेल्ट कोठे असते?

इटलीत फ्लॉरेन्स येथे इ. स. १७०० च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने पियानो तयार केला. त्याने १७२० मध्ये बनवलेला एक पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आजही आहे. त्या काळी हातोड्यांवर चामडे लावीत. हातोडीवर फेल्ट लावण्याचे एकस्व पॅरिसच्या आन्री पाप याने १८२६ मध्ये घेतले. पुढे तारा जाड झाल्या, त्यांच्यावरचा ताण वाढला आणि जाड फेल्टची हातोडी सर्वत्र रूढ झाली.

आजच्या पियानोत ८८ स्वरपट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. प्रत्येक पट्टीच्या मागे फेल्ट कितीतरी ठिकाणी काम करीत असते. हातोडीच्या डोक्यावर ते असतेच. पट्टीच्या पुढच्या टोकाखाली फेल्टची गोल चकती असते. पट्टी दाबली की ती या चकतीवर येऊन थांबते, म्हणून लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज होत नाही. पट्टीच्या मागच्या टोकाखाली फेल्टची लांब फीत असते. पट्टी डावी-उजवी हलू नये म्हणून तिच्या पोटातल्या खाचेत धातूची खुंटी असते, आणि त्या खाचेच्या दोन्ही भिंतींना पातळ बनात चिकटवलेली असते. शिवाय बोट उचलताच तार गप्प व्हावी म्हणून तारेवर येऊन बसणारी फेल्टची गादी असते. तिला डॅम्पर म्हणतात. आपल्या बाजाच्या पेटीतही पट्ट्यांचा खडखड आवाज होऊ नये म्हणून असाच मऊ थर वापरतात.

अर्ध्या मिलिमीटरची किंमत

आता या मऊ तुकड्यांना इतके नेमके माप कशाला, ते पाहू.

पियानोची पट्टी म्हणजे एक तरफ आहे. तिच्या मागे आणखी तरफा जोडलेल्या असतात. आपण पट्टी पुढच्या टोकाशी सुमारे १० मिमी दाबतो, तेव्हा हातोडी सुमारे ४५ मिमी पुढे जाते. म्हणजे बोटाची हालचाल साडेचार पट मोठी होऊन हातोडीपर्यंत पोचते. मग चूकही साडेचार पट मोठी होऊनच पोचणार!

समजा, पट्टीखालच्या चकतीची कड वर वळली आणि त्यामुळे पट्टी अर्धा मिलिमीटर आधीच थांबली. ०.५ ला ४.५ ने गुणा. उत्तर आले २.२५ मिमी. हे अंतर क्षुल्लक वाटेल, पण पियानोची रचना अशी असते की हातोडी तारेपासून दोन-तीन मिलिमीटरांवर आली की तिला ढकलणारा भाग निसटतो आणि हातोडी आपल्याच वेगाने उरलेले अंतर तोडून तारेवर आपटते. पट्टी पुरती खाली गेलीच नाही, तर हा भाग वेळेवर निसटत नाही. मग हातोडी तारेला चिकटून राहते आणि स्वर घुसमटतो. वादकाने कितीही मन लावून वाजवले तरी तो स्वर त्याच्या हाती लागत नाही.

डॅम्परचेही तसेच. उंच स्वरांसाठी एकेका स्वराला तीन तारा असतात. डॅम्परचे फेल्ट तिरके कापले गेले, तर ते दोन तारांवर बसते आणि तिसरी मोकळी राहते. बोट उचलले तरी ती गुणगुणतच राहते, आणि पुढचा स्वर मागच्यात मिसळून सगळा गोंधळ होतो.

मऊ वस्तू कापणे अवघड का?

लाकडावर करवत ठेवली तर लाकूड जागचे हलत नाही. फेल्टचे तसे नाही. सुरी टेकवली की ते आधी दबते, मग पुढे ढकलले जाते आणि सर्वांत शेवटी कापले जाते. कापून झाल्यावर स्थितिस्थापकतेमुळे ते पुन्हा फुगते. आपण सरळ कापले ते दबलेले फेल्ट. फुगल्यावर ती कड सरळ राहीलच असे नाही. ताज्या लादीपावावर बोथट सुरी दाबून पहा. पाव चपटा होतो, चुरा पडतो आणि काप वेडावाकडा येतो.

कात्रीची अडचण निराळी आहे. कात्रीची दोन पाती एकाच रेषेत नसतात, एकमेकांना घासून शेजारून जातात. पातळ कापडाला याचा त्रास होत नाही, पण जाड फेल्ट दोन पात्यांमध्ये वाकते. शिवाय पाती मिटताना फेल्टला तोंडाकडून बाहेर ढकलतात. म्हणून जाड फेल्टची कड कात्रीने तिरकी आणि पायऱ्यापायऱ्यांची होते. पातळ बनातीला कात्री चालेल. १० मिमी जाडीच्या फेल्टला नाही.

पाते किंचित कलले तरी काय होते पहा. फेल्टची जाडी १० मिमी आहे आणि पाते ५ अंशांनी कलले आहे. ५ अंशांचा टॅन्जंट सुमारे ०.०८७. म्हणजे वरच्या कडेत आणि खालच्या कडेत जवळजवळ ०.९ मिमीचा फरक पडला. डोळ्याला ५ अंश जाणवतही नाहीत!

घाटाचा रस्ता आणि सुरीची धार

यावर उपाय काय? पहिला उपाय म्हणजे धारदार पाते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्हाला माहीत आहे. धार जितकी बारीक, तितके तिच्याखालचे क्षेत्रफळ कमी आणि तितक्याच बलात दाब जास्त. मग फेल्ट फारसे दबण्यापूर्वीच तंतू तुटतात.

दुसरा उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. विळीवर भाजी चिरताना ती पात्यावर नुसती दाबत नाहीत. दाबता दाबता पुढे सरकवतात. पिकलेला टोमॅटो नुसत्या दाबाने फुटतो, पण सुरी सरकवली की सुरेख कापला जातो. हे कसे घडते?

घाटाचा रस्ता आठवा. डोंगर सरळ चढायचा तर चढ अंगावर येतो. म्हणून रस्ता आडवा, नागमोडी नेतात. डोंगर तोच, उंची तीच, पण आडवे गेल्यामुळे चढ सौम्य होतो. सुरीचे पाते हीसुद्धा एक पाचर, म्हणजे एक उतरणच आहे. पाते सरळ खाली दाबले तर फेल्टला ती पाचर पूर्ण कोनाची लागते. पाते पुढे सरकवत खाली आणले, तर फेल्टच्या दृष्टीने ती उतरण लांबते आणि कोन लहान होतो. गणित करून पहा. पाचरीचा कोन २० अंश आहे, आणि पाते १ मिमी खाली उतरताना ५ मिमी पुढे सरकते. मग फेल्टला लागणारा कोन अवघा ४ अंशांच्या आसपास येतो. जणू आपण पाचपट धारदार पाते वापरले!

याशिवाय सरकणारी धार तंतूंना ओढून ताणते, आणि ताणलेला तंतू लवकर तुटतो. पतंगाचा मांजा कसा काटतो, ते तुम्हाला सांगायला नकोच.

छापखान्यात किंवा बाइंडरकडे कागदाचे गठ्ठे कापायचे यंत्र पाहिले आहे का? त्यात आधी एक जड दाबपट्टी खाली येऊन गठ्ठा घट्ट धरते. मग पाते खाली येते, तेही सरळ नव्हे, तिरके सरकत. आधी घट्ट धरा आणि मग सरकवत कापा, हे दोन्ही नियम त्या यंत्रात आहेत. फेल्टचेही तेच दोन नियम.

लांब फीत कापताना

पट्ट्यांच्या मागच्या टोकाखालची फीत पियानोच्या जवळजवळ सगळ्या रुंदीइतकी लांब असते. ती कापताना फेल्ट सपाट पाटावर पसरतात. ते ताणायचे नाही. ताणून मोजलेले फेल्ट सोडल्यावर आखडते आणि फीत अपुरी पडते. एक कड पक्की सरळ करून घेतात आणि दोन्ही टोकांशी माप त्याच कडेपासून घेतात.

त्यावर जाड पोलादी पट्टी ठेवून ती हाताने किंवा शिकंज्याने दाबून धरतात. प्लॅस्टिकची पट्टी येथे चालत नाही, कारण पाते तिच्यात घुसते आणि रेघ सोडून भलतीकडे जाते. दाब कापाच्या रेषेला अगदी लागून हवा. तो दूर असेल तर मधले फेल्ट फुगून वर येते.

मग पाते पट्टीच्या कडेला लावून, उभे धरून, एका दिशेने ओढतात. पहिली ओढ हलकी. तिने फक्त वाट आखली जाते. दुसरी आणि तिसरी ओढ त्याच वाटेने खोल जाते. करवतीसारखे मागे-पुढे केले तर प्रत्येक वळणावर धार नवी वाट शोधते आणि कड पिंजल्यासारखी होते. पातळ फेल्टसाठी चाकासारखे फिरणारे गोल पातेही वापरतात. ते फेल्टवरून गडगडत जाते, म्हणून फेल्ट पुढे ढकलले जात नाही.

गोल चकती

पट्टीच्या पुढच्या टोकाखालची चकती सुमारे २२ मिमी व्यासाची असते आणि तिच्या मधोमध खुंटीसाठी भोक असते. भोक फार लहान झाले तर चकती खुंटीवर अडकून तिरकी राहते. फार मोठे झाले तर चकती जागची सरकते.

चकती कापायला पोलादी नळीचा पंच वापरतात. चामड्याचे काम करणाऱ्यांकडे तो तुम्ही पाहिला असेल. त्याची धार नीट पहा. नळीचा उतार बाहेरच्या बाजूने असतो आणि आतली भिंत सरळ असते. याचे कारण असे : उतार ज्या बाजूला, त्या बाजूचे फेल्ट ढकलले जाते. आपल्याला आतली चकती हवी, बाहेरचे फेल्ट टाकाऊ. म्हणून ढकलाढकली बाहेर होऊ द्यायची. उतार आतून असता तर चकती दबून कापली गेली असती, आणि मोकळी होताच तिची कड फुगली असती.

पंचाखाली काय ठेवायचे, तेही महत्त्वाचे आहे. लोखंडावर ठेवून ठोकले तर धार लगेच मोडते. त्याऐवजी लाकडी ठोकळा उभ्या तंतूंचा, म्हणजे झाडाचे खोड आडवे कापल्यावर दिसतो तसा ठेवतात. खाटकाचा ओंडका असाच असतो. धार तंतूंच्या मध्ये शिरते आणि तंतू पुन्हा मिटतात. पंच उभा धरून एकच खणखणीत ठोका मारायचा. चार हलके ठोके मारले तर पंच दर ठोक्याला जरासा हलतो आणि कडेला चार रेघा उमटतात. फेल्ट फार जाड असेल, तर धारदार नळी दाबता दाबता गोल फिरवतात. घाटाच्या रस्त्याचा नियम येथेही आलाच!

पाचरीसारखे तुकडे

खालच्या स्वरांच्या डॅम्परसाठी त्रिकोणी छेदाचे फेल्ट लागते. ते पाचरीसारखे दोन तारांच्या मध्ये उतरते आणि दोघींना एकदम गप्प करते. असे फेल्ट लांब कांडीच्या रूपात मिळते. तिचे आडवे तुकडे पाडायचे असतात.

त्रिकोणी कांडी पाटावर ठेवून कापली तर ती लवंडते आणि दबते. म्हणून लाकडी ठोकळ्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी पन्हळ करतात. कांडी तिच्यात अचूक बसते आणि दोन्ही अंगांनी आधार मिळतो. पन्हळीला काटकोनात करवतीची एक बारीक फट पाडलेली असते. दाढीच्या पात्यासारखे पातळ पाते त्या फटीतून एका ओढीत आणले की काप काटकोनातच येतो. हात थरथरला तरी पाते कलू शकत नाही, कारण काटकोन हाताने नव्हे, तर ठोकळ्याने सांभाळलेला असतो.

अठ्ठ्याऐंशी तुकडे सारखे कसे?

एक तुकडा नीट कापणे ही एक गोष्ट झाली. अनेक तुकडे अगदी एकसारखे कापणे ही दुसरी.

समजा, तुम्ही ४० मिमीचा एक तुकडा कापला. तो फेल्टवर ठेवून त्याच्या बाजूने पेन्सिलीने रेघ मारली आणि दुसरा कापला. मग दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा. पेन्सिलीच्या जाडीमुळे प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा फक्त ०.१ मिमी मोठा झाला, असे धरू. अठ्ठ्याऐंशीवा तुकडा केवढा होईल? ८७ ला ०.१ ने गुणा. तो ८.७ मिमी मोठा होईल. शेजारच्या कोणत्याही दोन तुकड्यांत फरक दिसत नाही, पण पहिला व शेवटचा शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत.

म्हणून नियम असा, की प्रत्येक तुकडा मूळ मापावरूनच कापायचा. याहून चांगला मार्ग म्हणजे पात्यापासून बरोबर ४० मिमीवर एक ठोकळा पक्का बसवायचा. फेल्ट ठोकळ्याला हलकेच टेकवायचे आणि कापायचे. प्रत्येक वेळी मोजण्याचा प्रश्नच नाही. फेल्ट ठोकळ्यावर जोराने रेटले मात्र तर ते दबते आणि तुकडा लांब होतो. म्हणून दर वेळी ते सारख्याच हलकेपणाने टेकवायचे.

पियानो तयार करणारेही एक युक्ती करतात. हातोड्यांचे फेल्ट ते एकेका हातोडीवर चिकटवत नाहीत. खर्जाकडे जाड आणि तारसप्तकाकडे पातळ होत जाणारी एक लांब फेल्टची पट्टी लाकडी साच्यावर दाबून, वळवून चिकटवतात आणि मग लादीपावाचे पाव सुटे करावेत तशा हातोड्या एकेक कापून वेगळ्या करतात. त्यामुळे शेजारच्या हातोड्या जुळ्या भावंडांसारख्या होतात.

माप कोठून घ्यायचे, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. जुने फेल्ट वर्षानुवर्षे ठोके खाऊन दबलेले असते. त्याच्यावरून जाडी घेतली तर झीजही नकलून घेतली जाईल. पियानोच्या अगदी टोकाच्या पट्ट्या क्वचितच वाजतात. तेथले फेल्ट मूळ जाडीच्या जवळपास राहिलेले असते. शहाणा कारागीर आधी तेथे पाहतो.

हवा आणि कसर

लोकर हवेतला ओलावा शोषते. वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी पोटात घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात पट्ट्यांचे लाकूड आणि खाचेतली बनात फुगते. मग दाबलेली पट्टी लवकर वर येत नाही. अशा वेळी बनात कोरून मोकळी केली, तर पाऊस संपल्यावर तीच पट्टी खुळखुळू लागते. म्हणून कापण्यापूर्वी दोष कापाचा आहे की ऋतूचा, हे ओळखावे लागते. दुसरा शत्रू म्हणजे कसर. तिच्या अळ्या लोकर खातात, आणि बंद पियानोतल्या अंधारात त्यांना कोणी हटकत नाही. फेल्ट बदलण्याची पाळी पुष्कळदा त्यांच्यामुळेच येते.

करून पहा

हे प्रयोग घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन करा. पाते नेहमी बोटांपासून दूर ओढा.

१) पाच-सहा मिलिमीटर जाडीचे फेल्ट किंवा जुन्या जाड बुरणुसाचा तुकडा घ्या. एक बाजू कात्रीने कापा. दुसरी बाजू धारदार पात्याने, पोलादी पट्टी दाबून धरून, तीन हलक्या ओढींत कापा. दोन्ही कडांना गुण्या लावून पहा. फट कोठे दिसते?

२) तोच तुकडा दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घट्ट धरून तिन्ही थर एकदम कापा. कड आणखी सुधारते का? का सुधारावी, याचा विचार करा.

३) जाड कागदाचे दहा तुकडे मागच्यावरून पुढचा असे आखून कापा, आणि दहा तुकडे एकाच मूळ तुकड्यावरून आखून कापा. दोन्ही गठ्ठे टेबलावर ठोकून सारखे करा आणि पहिला व दहावा तुकडा ताडून पहा.

पियानो ऐकताना आतले फेल्ट आपल्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. ऐकू येत नाही, हेच त्याचे काम! ते काम नीट व्हायला कारागिराला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात : पाते धारदार, धरणे घट्ट आणि माप नेहमी मूळ जागेवरून. पुठ्ठ्याची प्रतिकृती असो, पुस्तकाची बांधणी असो की शिवणकाम, या तीन गोष्टी तुम्हालाही उपयोगी पडतील.